ॲव्हरेज स्क्रूमध्ये नसतं



मागच्या महिन्यात आपण पाण्याच्या टाकीचा बॉलकॉक घरच्या घरी कसा बदलायचा ते पाहिलं. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये एक मागणी वारंवार दिसली: घरातल्या मोटारसायकलवर लिहा. खेडच्या एका भगिनीने लिहिलंय, "मिस्टरांची गाडी चौकात थांबली की बंद पडते. दर महिन्याला कार्ब्युरेटर ट्यून करून आणतात. आठ दिवस बरी चालते, मग पुन्हा तेच. हे काम घरी करता येईल का? आणि त्याने ॲव्हरेज वाढेल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे: हो, करता येईल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे: जवळजवळ नाही. ही दोन उत्तरं एकमेकांत मिसळली की इंजिनाचं नुकसान होतं, आणि कधी माणसाचंही. म्हणून आधी दुसऱ्या उत्तराबद्दल बोलू, मग काम शिकू.

आपल्या चाकणला हा विषय नवा नाही. बजाज ऑटोचा इथला कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बाजारात आलेली पल्सर याच कारखान्याची. केहिन ही जपानी कंपनी आणि इचलकरंजीचा एफआयई समूह यांच्या भागीदारीतून सुरू झालेला कार्ब्युरेटरचा कारखानाही चाकण पट्ट्यातलाच. म्हणजे ज्या वस्तूला आपण घाबरतो, ती बनवणारे हात आपल्याच गल्लीत राहतात. तरीही बहुतेक घरांत कार्ब्युरेटर म्हणजे मिस्त्रीच्या हातची जादू समजली जाते. ती जादू नाही. आठवीच्या विज्ञानाइतकीच सोपी गोष्ट आहे.

कार्ब्युरेटर करतो काय?

पूर्वी डास मारायला घराघरांत फ्लिटचा पंप असायचा. दांडा ढकलला की हवा जोरात पुढे जायची, खालच्या डब्यातलं औषध नळीतून वर ओढलं जायचं आणि त्याचा फवारा व्हायचा. कार्ब्युरेटरमध्ये हेच घडतं. इंजिनाचा पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. ती हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्रातून वर येऊन हवेत मिसळतं. अशा अरुंद गळ्याला व्हेंचुरी म्हणतात, इटलीच्या व्हेंचुरी (१७४६–१८२२) या शास्त्रज्ञाच्या नावावरून.

खालच्या वाटीत पेट्रोलची पातळी कायम सारखी राहावी म्हणून एक फ्लोट असतो. तो अगदी आपल्या टाकीच्या बॉलकॉकसारखा. पेट्रोल वाढलं की फ्लोट वर येतो आणि सुई वाट बंद करते. सुईखाली कचरा अडकला की वाट बंद होत नाही आणि गाडी 'ओव्हरफ्लो' होते, म्हणजे नळीतून पेट्रोल टपकायला लागतं.

आता प्रमाण पाहा. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचं तर एक लिटर पेट्रोल जाळायला जवळपास नऊ ते दहा हजार लिटर हवा लागते. आपण पेट्रोलचा हिशेब ठेवतो, पण इंजिन त्याहून कितीतरी जास्त हवा पितं. ती सगळी हवा एका लहानशा फिल्टरमधून जाते आणि आपल्या रस्त्यांवरची धूळ तर आपण रोज पाहतोच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

स्क्रूचा अधिकार किती?

कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलला जायला एकच वाट नसते. गाडी उभी असताना, रेस अगदी कमी असताना, पेट्रोल एका लहान वाटेने जातं. तिला पायलट जेटची वाट म्हणतात. मूठ फिरवत गेलो की स्लाइड वर उचलली जाते, तिच्याबरोबर लांब सुई वर येते आणि मेन जेटमधून पेट्रोल यायला लागतं. बाहेरून पेचकसाने जो लहान स्क्रू फिरवता येतो, तो फक्त पहिल्या वाटेचा मालक असतो. मूठ साधारण पाव फिरवेपर्यंतच त्याचा प्रभाव. त्यापुढे तो जवळजवळ नावापुरताच.

म्हणजे पन्नासच्या वेगाने तळेगाव रस्त्याने जाणाऱ्या गाडीचं पेट्रोल त्या स्क्रूने वाचत नाही. तिथे कारभार सुईचा आणि मेन जेटचा असतो. तरीही गॅरेजमध्ये उभं राहून आपण सांगतो, "उस्ताद, जरा ॲव्हरेज वाढवून द्या." मिस्त्री चांगला असेल तर हसतो आणि फिल्टर साफ करून देतो. घाईतला असेल तर स्क्रू फिरवून मिश्रण पातळ करतो. त्याहून धाडसी असेल तर सुईची क्लिप बदलून सुई खाली बसवतो. मग खरंच सगळीकडे पेट्रोल कमी जातं, आणि त्रासही तिथूनच सुरू होतो.

मिश्रण पातळ झालं की इंजिन जास्त तापतं. पिकअप मरतं, म्हणून चालवणारा मूठ आणखी पिळतो आणि वाचलेलं पेट्रोल तिथेच जातं. तापलेला पिस्टन फुगतो आणि एखाद्या दिवशी सिलिंडरमध्ये जाम होतो. आमच्या गल्लीतल्या एका मुलाची गाडी अशीच रात्रपाळीला जाताना नाशिक महामार्गावर जाम झाली. जाम झालेलं इंजिन मागचं चाकही अडवतं. क्लच वेळीच दाबला म्हणून तो पडला नाही, आणि मागून येणाऱ्या ट्रेलरने ब्रेक मारला, अल्लाहचे आभार. बोअर-पिस्टनचा खर्च एवढा आला की त्याच्या अम्मीचा भिशीचा नंबर त्यात गेला. महिन्याला वाचले असते फार तर शंभर-दीडशे रुपये.

यात आता आणखी एक गोष्ट जमा झाली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला हवा कमी लागते, एका ग्रॅमला सुमारे नऊ ग्रॅम. अशा मिश्र पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा पट हवा पुरते. जुनी गाडी मात्र जुन्याच प्रमाणात हवा देत राहते. म्हणजे काहीही न करता तिचं मिश्रण आधीच थोडं पातळ झालेलं आहे. ते आणखी पातळ करणं म्हणजे उपाशी माणसाला रोजा लांबवायला सांगणं.

तेव्हा घरी ट्यूनिंग करताना नियत साफ ठेवा: गाडी चौकात बंद पडू नये, धूर कमी व्हावा, इंजिन शांत चालावं. एवढंच या स्क्रूचं काम.

आधी कोणत्या गाडीला हात लावायचा नाही

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटर नाहीच. तिथे फ्युएल इंजेक्शन आहे आणि पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. काही स्वस्त गाड्यांत कार्ब्युरेटर ठेवला आहे, पण त्यालाही इलेक्ट्रॉनिक्सची जोड आहे. अशा गाड्यांना घरी पेचकस लावू नका. मिश्रणाच्या स्क्रूवर कंपनीने टोपी बसवून तो बंद केलेला असेल, तर ती टोपीही फोडू नका. हा लेख २०२० पूर्वीच्या साध्या गाड्यांसाठी आहे: जुनी स्प्लेंडर, बॉक्सर, सीटी १००, प्लॅटिना, डिस्कव्हर आणि त्यांच्या बहिणी. त्या अजून बरीच वर्षं रस्त्यावर राहणार आहेत. मार्च २०२० मध्ये नोंदवलेल्या दुचाकीची पंधरा वर्षांची नोंदणीच २०३५ मध्ये संपते.

स्क्रूच्या आधी पाच गोष्टी

गाडी बंद पडते म्हणून दोष नेहमी कार्ब्युरेटरचाच असतो असं नाही. या पाच गोष्टी आधी पाहा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतील.

एक, एअर फिल्टर. नऊ हजार लिटर हवेचा आकडा आठवा. कागदी फिल्टर असेल तर हलकेच झटका, फार काळा झाला असेल तर नवा घाला. तो धुवायचा नसतो. फोमचा असेल तर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे धुऊन, पूर्ण वाळवून, सांगितलेलं तेल लावून बसवा. फिल्टर तुंबलेला ठेवून मिश्रण जुळवलं, तर फिल्टर साफ झाल्या दिवशी सगळं पुन्हा बिघडेल. त्या भगिनीच्या गाडीचं दर महिन्याला हेच होत असण्याची शक्यता मोठी आहे.

दोन, प्लग. प्लगपान्याने काढा आणि टोक पाहा. फिक्या चहासारखा तपकिरी रंग चांगला. काजळीसारखा काळा असेल तर मिश्रण दाट किंवा फिल्टर तुंबलेला. पांढरटफटक असेल तर मिश्रण पातळ, सावध व्हा. ओलसर, तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर येतंय. तिथे ट्यूनिंगचा उपयोग नाही, मिस्त्रीकडे जा.

तीन, मुठीची केबल. मूठ फिरवताना सुरुवातीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळी फिरायला हवी. इंजिन चालू असताना हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून पाहा. रेस आपोआप वाढली तर केबल ताणलेली आहे.

चार, चोक पूर्ण बंद आहे ना? थंडीत सकाळी ओढलेला चोक तसाच राहिल्याची गाडी आठवडाभर पेट्रोल पिते.

पाच, पेट्रोलमधलं पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात किंवा गावाला जाऊन आल्यावर गाडी महिनाभर उभी असेल, तर कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे. ते पेट्रोल गटारात ओतू नका, गॅरेजमध्ये नेऊन द्या.

यानंतरही तक्रार असेल, तर आणि तरच स्क्रू.

जागा आणि खबरदारी

आपल्याकडे चोरीच्या भीतीने रात्री गाडी खोलीत किंवा बोळात घेतात. ट्यूनिंग तिथे करायचं नाही. शटर पाडून, दार लोटून, पाऊस आहे म्हणून पडवीत, असं काहीही नाही. सायलेन्सरमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. शेजारच्या खोलीत बाळ झोपलेलं असेल तर त्यालाही तोच वायू मिळतो. गाडी उघड्या अंगणात, रस्त्याच्या कडेला, सायलेन्सर वाऱ्याकडे पाठ करून लावा.

दुसरं, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून सरकत जाते आणि उंबरा ओलांडून शेगडीपर्यंत पोचते. जुमेरातीचा लोबान, डासांची अगरबत्ती, गॅस, बिडी, यातलं काहीही जवळपास पेटलेलं नको. उजेड हवा असेल तर मोबाइलची बॅटरी वापरा, काडी कधीच नाही. ओढणी, दुपट्टा आणि सैल बाह्या आवरून घ्या. गरम सायलेन्सर आणि फिरती साखळी मुलांच्या हाताच्या उंचीवर असतात, म्हणून लहानांना चार पावलं लांब बसवा. हातकाम दिवसा करा, सुट्टीच्या दिवशी, घाई नसताना.

आता काम

साधनं: स्क्रूच्या खाचेत नीट बसणारा आखूड पेचकस, कापड, कागद आणि पेन. एवढंच.

इंजिन गरम हवं. गाडी दहा मिनिटं चालवून आणा आणि मेन स्टँडवर लावा.

कार्ब्युरेटरवर दोन स्क्रू शोधा. स्प्रिंग किंवा घुंडी असलेला मोठा स्क्रू रेसचा. तो स्लाइडला टेकू देतो. दुसरा लहान, आत बसलेला, मिश्रणाचा. हा कुठे आहे ते नीट पाहा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो: आत घट्ट केला की मिश्रण दाट, बाहेर सैल केला की पातळ. इंजिनाच्या बाजूला असेल तर उलट: बाहेर काढला की दाट, आत घेतला की पातळ. ही एक ओळख चुकली तर सगळा हिशेब उलटा होतो. शंका असेल तर पुस्तिका पाहा किंवा मिस्त्रीला एकदा विचारून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही.

इंजिन बंद करा. मिश्रणाचा स्क्रू हलकेच आत फिरवत किती फेरे होतात ते मोजा. टेकला की थांबा, अजिबात आवळू नका. टोक नाजूक असतं आणि पितळ मऊ. मोजलेले फेरे कागदावर लिहा, उदाहरणार्थ "पावणेदोन". हा कागद म्हणजे परतीची वाट. काहीही बिघडलं तरी इथे परत येता येतं. बहुतेक गाड्यांत हा आकडा दीड ते अडीच फेऱ्यांच्या दरम्यान असतो. स्क्रू आता परत तेवढाच बाहेर काढा.

इंजिन सुरू करा. रेसच्या स्क्रूने रेस नेहमीपेक्षा थोडी वर ठेवा. मग मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा एका दिशेला फिरवा आणि पाच-सात सेकंद थांबा. आवाज ऐका. इंजिन वेग घेतंय, की अडखळतंय? पुन्हा पाव फेरा. एका जागी इंजिन सर्वांत जलद आणि एकसारखं चालेल. तिच्या दोन्ही बाजूंना ते मंदावेल किंवा थरथरेल. ती मधली जागा म्हणजे तुमच्या गाडीचा मिजाज. तिथे थांबा.

आता रेसचा स्क्रू सैल करत वेग खाली आणा. बहुतेक लहान गाड्यांना मिनिटाला चौदाशेच्या आसपास फेरे लागतात. मीटर नसेल तर कानावर भिस्त ठेवा: गाडी बंद पडू नये आणि ओरडूही नये. मिश्रण पुन्हा एकदा अष्टमांश फेऱ्याने तपासा. मग मूठ झटकन फिरवून सोडा. इंजिन 'भक्' करून दम खात असेल तर मिश्रण दाट होईल त्या दिशेला अगदी किंचित फिरवा. सायलेन्सरला काळा धूर आणि पेट्रोलचा वास असेल तर उलट दिशेला.

हे दोघांचं काम आहे. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचं. मुलीला ऐकायला बसवा. वर्गातला माझा अनुभव आहे की बारीक फरक मुली चटकन टिपतात, कारण त्यांना कुणी घाई करायला शिकवलेलं नसतं.

स्क्रू कसाही फिरवला आणि आवाजात काहीच फरक पडला नाही, तर पायलट जेट तुंबलंय. अशा वेळी क्लचच्या केबलची तार किंवा टाचणी जेटमध्ये घालण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडून द्या. छिद्र केसभर मोठं झालं तरी प्रमाण कायमचं बिघडतं. जेट काढून कार्ब्युरेटर क्लीनर फवारून, हवेच्या दाबाने साफ करायचं असतं, आणि ते गॅरेजमध्येच बरं.

तपासून घ्या

काम झाल्यावर पीयूसी करून घ्या. मशीनची नळी सायलेन्सरमध्ये घालून कमी रेसवर वायू मोजतात, म्हणजे नेमकं आपल्या स्क्रूचं काम मोजलं जातं. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या, भारत स्टेज ४ आधीच्या चार-स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम ही मर्यादा आहे. कागद खिशात घालण्याआधी त्यावरचा आकडा वाचा. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेजवळ असेल तर मिश्रण दाट आहे. तो धूर आपण मागे सोडून जातो, पण आपल्या मागे रिक्षात कुणाची तरी अम्मी बसलेली असते.

मग ॲव्हरेज कुठे आहे?

टायरच्या हवेत. आठवड्याला एकदा तपासा, थंड टायरला. साखळीत, जी ताठ नको, लोंबती नको आणि कोरडी तर नकोच. ब्रेकमध्ये: चाक उचलून फिरवा, सहज फिरलं पाहिजे. अर्धवट दाबून ठेवलेल्या क्लचमध्ये. वेळेवर बदललेल्या ऑइलमध्ये. चौथ्या गिअरमधल्या चाळीस-पन्नासच्या शांत वेगात. आंबेठाण चौकात किंवा तळेगाव चौकात दहा मिनिटं अडकलात तर इंजिन बंद करण्यात. वजू करताना नळ बारीक ठेवायला आपण मुलांना शिकवतो, इसराफ नको म्हणून. पेट्रोललाही तोच नियम लावा, पण नळ बारीक करणं वेगळं आणि पाण्यावाचून ठेवणं वेगळं.

पुढच्या महिन्यात साखळी आणि ब्रेक, इन्शाअल्लाह. तोवर मिश्रणाच्या स्क्रूचे फेरे मोजून गाडीच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. गाडी उद्या मुलाच्या हातात जाईल, त्याला तो आकडा लागेल.